मनात काय चाललंय, ते बोलत राहा

संभाजीनगरला जाऊन आले म्हटल्यावर कोल्हापुरात ज्यानं त्यानं पहिल्यांदा लेण्यांचंच विचारलं. वेरूळ बघितलं का, अजिंठ्याला ऊन लागलं का. मी दोन्हीकडे गेले नाही. अजिंठ्याच्या पायथ्याच्या फर्दापूरची पाटी लावलेली बस मध्यवर्ती स्थानकात दोनदा माझ्यासमोरून सुटली, आणि दोन्ही वेळा मी दुसऱ्याच बसच्या रांगेत उभी होते. मी गेले होते, लोक मोबाइलवर काही शोधतात तेव्हा त्यांच्या डोक्यात काय चालतं, ते ऐकायला.

पुण्याच्या आमच्या संस्थेचं तेच काम होतं. पद्धत सोपी. माणसाशेजारी बसायचं. त्याला खरोखर हवी असलेली एखादी माहिती त्यानं स्वतःच्या फोनवर शोधायची, आणि शोधताना मनात येईल ते मोठ्यानं बोलायचं. कुठला शब्द घातला, कुठलं पान उघडलं, का उघडलं, का बंद केलं, हे सगळं मी टिपायचं. माणूस बराच वेळ गप्प झाला तर आमचं एक ठरलेलं वाक्य होतं: "मनात काय चाललंय, ते बोलत राहा." याखेरीज आपण काही बोलायचं नाही आणि मदत तर अजिबात करायची नाही. मदत केली की ते त्याचं शोधणं राहत नाही, आपलं होतं. निघताना आमच्या मार्गदर्शक बाईंनी हे मला तीनदा बजावलं होतं.

मराठवाडा निवडला कारण त्या वर्षी तिथं पाऊस नव्हता. ज्यांना माहितीची गरज आहे असे लोक भेटतील, असं आम्ही पुण्यात पंख्याखाली बसून ठरवलं होतं.

चिकलठाणा

पहिल्या दिवशी भेटले ते ज्ञानेश्वर. चिकलठाण्याच्या जुन्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात यंत्रावर काम करणारे, पस्तिशीचे, मूळचे देवगाव रंगारीचे. विमानतळाच्या पलीकडे नवीन इमारतींची रांगच उठली आहे. त्यातल्या एकीत तिसऱ्या मजल्यावर ते आणि त्यांची बायको राहतात. मी गेले तेव्हा खाली टँकर उभा होता. जिन्याच्या भिंतींना अजून ओल्या रंगाचा वास होता आणि नळाला मात्र आठवड्यातून एकदा पाणी.

मी हात धुवायला मोरीत गेले आणि कोल्हापूरच्या सवयीनं बादलीतले दोन तांबे हातावर ओतून मोकळी झाले. बाहेर आले तर वहिनींनी मोरीत बोळा लावून अडवलेलं ते पाणी एका डब्यात भरून घेतलं आणि फरशी पुसायला ठेवलं. आमच्या घरी पंचगंगेचं पाणी दारात येतं म्हणून आम्ही सामान माडीवर चढवतो. तिथं त्या डब्याकडे बघताना मला ते सांगायची लाज वाटली.

ज्ञानेश्वरांना शोधायचा होता पाऊस. गावी वडिलांचं शेत होतं. सोफ्यावर बसून त्यांनी हवामानाचं पहिलं पान उघडलं. तिथं आठ दिवस कोरडे दाखवले होते. "ह्याला काय कळतंय," म्हणत त्यांनी ते बंद केलं. दुसऱ्या पानावर सहा दिवस कोरडे. "हे परदेशातलं हाय, ह्याला देवगाव माहीत नाय." तिसऱ्यावर जिल्ह्याचा नकाशा आला, सगळा पिवळा. चौथ्यावर एक अंदाज सांगणारे गृहस्थ बोलत होते. ते कधीच चुकत नाहीत, असं ज्ञानेश्वर म्हणाले आणि त्यांचं बोलणं अर्ध्यात तोडून पुढं गेले. पाचव्या पानावर शुक्रवारच्या चौकटीत एक ढग आणि त्याखाली दोन थेंब निघाले. तिथं त्यांचा अंगठा थांबला. "मिळालं," म्हणाले, आणि फोन खिशात टाकला.

मी वहीत लिहिलं की हवं ते सापडेपर्यंत शोध चालू राहतो, सापडलं की संपतो. तेव्हा मला हे मोठं निरीक्षण वाटलं होतं.

दुपारी त्यांनी मला शहागंजाकडे नेऊन नान-खलिया खाऊ घातला. खलिया म्हणजे मटणाचा रस्सा, पण आमच्या तांबड्या रश्श्यासारखा तो अंगावर येत नाही. जिभेवर सावकाश उतरतो आणि नानचा मऊ, पिवळसर तुकडा त्यात बुडाला की बोलणं आपोआप थांबतं. जेवता जेवता ज्ञानेश्वर म्हणाले, शहरातल्या माणसांचं काय बघता, आमच्या गावी चला, वडलांना भेटा. दुसऱ्या दिवशी त्यांची कारखान्यात दिवसपाळी होती, म्हणून त्यांनी मला एकटीलाच बसमध्ये बसवून दिलं.

देवगाव रंगारी

शहर सोडल्यावर दोन्ही बाजूंची शेतं हिरवी दिसत होती, त्यामुळे मला पहिल्यांदा वाटलं की दुष्काळ फार सांगितला जातोय. बसमधून उतरून चालत गेल्यावर कळलं. मका गुडघ्याएवढा होऊन थांबला होता. कपाशीला पानं होती, बोंडं नव्हती. रंग सगळा हिरवा आणि उंची सगळी अर्धी.

ज्ञानेश्वरांचे वडील सूर्यभानकाका थांब्यावर न्यायला आले होते. पांढरं धोतर, सत्तरीचा ताठ माणूस. घरी काकूंनी ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ. भाजी नसली तरी पाण्यात उकळलं की आमटी होते. आमच्याकडे भाजी नाही असा दिवस मी पाहिला नव्हता. मी तीन वाट्या आमटी प्यायले.

जेवताना काकांनी सांगितलं की त्यांनी अर्धा एकर कडवळ पेरलं होतं. कडवळ म्हणजे चाऱ्यासाठी दाट पेरलेली ज्वारी. पाऊस थांबला आणि ते गुडघ्याखालीच सुकायला लागलं. आता त्यांच्या दोन बैलांना ते पुरणारही नव्हतं. म्हणून गावाबाहेरच्या वस्तीवरच्या गयाबाईला ते म्हणाले होते, तुझी मेंढरं घाल त्यात. मेंढरांना चारा होईल आणि त्यांच्या लेंड्यांनी माझ्या रानाला खत. गयाबाई हो म्हणाली नव्हती. दोन दिवस विचार करते म्हणाली होती, आणि ते दोन दिवस उद्या संपत होते.

"मोबाइलात बघती म्हणाली," काका म्हणाले. "तुमचं तेच काम हाय ना? मग तिलाच बघा."

गयाबाईंचं रान

गयाबाई पन्नाशीच्या. मेंढपाळ घरातल्या. नवरा मोठा कळप घेऊन पाण्याच्या शोधात गोदावरीच्या अंगानं गेला होता. विणीला आलेल्या आणि लहान कोकरांच्या तीसेक मेंढ्या त्यांच्याकडे मागं राहिल्या होत्या. फोन जावयानं दिलेला. त्यांना अक्षरं लावून वाचता येत होतं, पण हळू, म्हणून त्या फोनशी बोलायच्या.

त्याच दुपारी आम्ही कडवळाच्या बांधावर बाभळीखाली बसलो. मेंढ्या शेजारच्या पडीक रानात काही नसलेलं हुंगत फिरत होत्या. मध्ये काट्यांचं कुंपण होतं. काका घरी चहा आणायला गेले. मी वही उघडली, रेकॉर्डर लावला आणि गयाबाईंना पद्धत सांगितली. त्या हसल्या. दिवसभर मेंढरांशी मोठ्यानंच बोलते, म्हणाल्या, त्यात काय नवं.

त्यांना जाणून घ्यायचं होतं ते असं: लहानपणी त्यांच्या आजानं सांगितलं होतं की कोवळं कडवळ मेंढराला देऊ नये, किराळ लागते. म्हणजे विष भिनतं, जनावर उभ्या उभ्या पडतं. पण हे कडवळ कोवळं म्हणायचं की वाळलेलं? उंचीनं कोवळं, वयानं जून. आजानं असं कडवळ पाहिलंच नव्हतं.

त्यांनी फोन तोंडाजवळ धरून विचारलं, "कडवळ मेंढराला चालतंय का?" फोननं कडवट असं ऐकलं आणि कारल्याचा कडूपणा घालवायच्या चार रीती दाखवल्या. गयाबाई म्हणाल्या, ह्याला शेतातलं कळत नाय, सैपाकघरातलं कळतंय. मग त्यांनी नुसतं "किराळ" म्हटलं. फोननं केरळ ऐकलं. पडद्यावर नारळाची झाडं, मोठमोठ्या होड्या आणि काठोकाठ पाणी आलं.

त्या बराच वेळ ते चित्र बघत राहिल्या. मी ठरलेलं वाक्य म्हटलं.

"किती पाणी हाय ते बघतेय," त्या म्हणाल्या. "दुसरं काय चालणार मनात."

मग त्यांनी फोन खाली ठेवला आणि स्वतःशीच विचार करू लागल्या. हे मी आजवर कुणाला करताना पाहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, मी माझ्या आजाच्या शब्दानं विचारतेय, पण फोनातली माणसं माझ्या आजाची नव्हेत. ती डाक्टरसारखी बोलत असतील. डाक्टर किराळ म्हणत नाय, तो विषबाधा म्हणतो. आणि कडवळ म्हणत नाय, हिरवा चारा म्हणतो, नायतर ज्वारी. त्यांनी पुन्हा फोन उचलला आणि सावकाश, शाळेत कविता म्हणावी तसं म्हटलं: "ज्वारी खाऊन मेंढीला विषबाधा."

माझ्या वहीत मी त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या. सहा महिन्यांच्या कामात समोरच्याचा शब्द असा ओळखून काढलेला मला पहिल्यांदाच दिसत होता.

पहिल्यांदा एक चित्रफीत लागली. इस्त्रीचा शर्ट घातलेले एक जण सांगत होते की टंचाईत हिरवी ज्वारी म्हणजे जनावरांना वरदान, बिनधास्त घाला. गयाबाईंनी ती पूर्ण ऐकली आणि म्हणाल्या, ह्याच्या मागं मेंढरू नाय. कुंडीतलं झाड हाय. त्यांनी ती बंद केली. ज्ञानेश्वरांचा अंगठा इथंच थांबला असता. गयाबाईंना हवं ते उत्तर हेच होतं, आणि तरी त्या पुढं गेल्या.

त्यानंतरचं पान इंग्रजीत होतं. वर एक फोटो: मान मागं ताणून पडलेली मेंढी. गयाबाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला.

"हे मी बघितलंय," त्या म्हणाल्या. "आजाच्या कळपात. अशीच मान." आणि फोन माझ्यापुढं धरला. "खाली काय लिहिलंय, वाच बरं."

मी सांगितलं की मला वाचून दाखवता येणार नाही, तशी पद्धत आहे, त्यांनी त्यांना जमेल तसं शोधावं.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागानं नव्हे, नीट समजून घ्यायला. "म्हंजे तुला वाचता येतंय," त्या म्हणाल्या, "अन् तू वाचणार नाय."

मी गप्प बसले. किती वेळ, ते रेकॉर्डरमुळं मला नंतर नेमकं कळलं, आणि ते मला इथं लिहायचं नाही. त्या वेळात माझ्या मनात मार्गदर्शक बाई होत्या, सहा महिन्यांचं काम होतं, आणि हे सत्र किती सुंदर झालं आहे ही हावही होती. मग मी वही मिटली आणि फोन हातात घेऊन वाचायला लागले. पाण्याअभावी खुंटलेली ज्वारी सर्वांत धोक्याची, असं दुसऱ्याच वाक्यात होतं. वाढ थांबली की विष पानांत साठतं. उंची कमी तितका धोका जास्त. मी मराठीत सांगत होते आणि गयाबाई मान हलवत होत्या, तोच त्यांनी डोकं वर केलं. पडीक रानात मेंढ्या नव्हत्या.

कुंपणाला एका जागी भगदाड होतं. कळप कडवळात शिरला होता.

गयाबाई उठल्या आणि जिभेनं एक आवाज काढत धावल्या. मी मागून धावले, चप्पल काट्यात अडकली, ती तिथंच सोडली. बहुतेक मेंढ्या नुकत्याच कडेला पोचल्या होत्या. त्या हाकेसरशी मागं फिरल्या. पण चार-पाच पुढं आत गेल्या होत्या आणि आधाशासारख्या खात होत्या. त्यांना मी ढकलत बाहेर काढलं. मेंढीला कसं ढकलतात तेही मला माहीत नव्हतं. लोकर धरून ओढत राहिले.

थोड्या वेळानं त्यातली एक थरथरायला लागली. मग दुसरी. गयाबाईंनी मला एवढंच सांगितलं, "डाक्टरला लाव." जनावरांच्या दवाखान्याचा नंबर त्यांच्याकडे नव्हता. तो मी शोधला. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत वेगानं केलेला शोध असेल, आणि त्या वेळी मनात काय चाललंय असं मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

डॉक्टर मोटारसायकलवर आले. तोवर सूर्यभानकाका चहाची किटली तशीच टाकून घरातून गूळ घेऊन आले होते, आणि धडपडणाऱ्या मेंढीला गयाबाई गुळाचं पाणी पाजत होत्या. डॉक्टरांनी दोघींच्या शिरेत इंजेक्शन दिलं. जी आधी थरथरली ती गेली. मान तशीच मागं ताणलेली. दुसरी तासाभरानं बसती झाली, मग उभी राहिली, आणि गयाबाईंच्या पदराला तोंड लावून गूळ शोधायला लागली. बाकी कळपाला काही झालं नाही. डॉक्टर म्हणाले, सगळा कळप पोटभर चरला असता तर एक-दोन इंजेक्शनांनी भागलं नसतं.

मी गयाबाईंना म्हटलं की मी लगेच वाचलं असतं तर ती मेंढी वाचली असती.

त्या मेलेल्या मेंढीच्या अंगावरची माती झाडत होत्या. "व्हय," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, "पर वाचलंस."

या दोन शब्दांवर मी पुढचे कितीतरी दिवस काढले. त्यांनी मला माफ केलं नाही आणि दोषही दिला नाही. झालं ते जसं झालं तसं सांगितलं.

पुढचे चार दिवस

मी दुसऱ्याच दिवशी परतणार होते. राहिले. काकूंनी विचारलंच नाही, फक्त भाकरीचं पीठ जास्त मळलं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे कडवळ वाया घालवायचं कारण नाही. कापून पसरून कडक उन्हात चांगलं वाळवा, अधूनमधून उलथत राहा, मला दाखवा, मग दुसऱ्या चाऱ्यात मिसळून थोडं थोडं द्या. ऊन ही एकच गोष्ट त्या वर्षी मुबलक होती. काका, काकू, गयाबाई आणि मी कापायला लागलो. माझ्या हाताला पहिल्या दुपारीच फोड आले. कोल्हापूरची माणसं शेतकरी असतात असं काकूंनी ऐकलं होतं. माझे हात बघून त्यांचा त्यावरचा विश्वास उडाला. काकांनी काटे आणून कुंपणाचं भगदाड बुजवलं. ते दोन दिवस माझ्याशी कमी बोलले. आपण चांगल्या मनानं दिलेल्या चाऱ्यानं मेंढी मेली, हे त्यांना लागलं होतं. तिसऱ्या दिवशी गयाबाईंनी वाचलेली मेंढी मुद्दाम त्यांच्या दारात आणून उभी केली आणि तिला पाणी मागितलं, तेव्हा ते हसले.

मधल्या एका दुपारी मी मार्गदर्शक बाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, ते सत्र बाद धर, नियम मोडलाय. मी म्हटलं, बाद धरते, पण जे झालं ते वेगळं लिहिणार आहे, मी वाचलं नव्हतं तेवढ्या वेळासकट. मग त्यांनी विचारलं की गयाबाईंनी शब्द नेमका कसा बदलला, पुन्हा सांग. मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतल्याचं मला ऐकू आलं.

गयाबाईंनी तोवर आपलं काम केलं होतं. गोदावरीच्या बाजूला गेलेल्या नवऱ्याला आणि त्याच्याबरोबरच्या मेंढपाळांना त्यांनी फोनवर आवाज भरून निरोप पाठवला: आखूड राहिलेलं कडवळ दिसलं तर कुणी कितीबी प्रेमानं दिलं तरी घालू नका, आधी वाळवा, डाक्टरला दाखवा. त्यात त्यांनी किराळ हा शब्दही घातला आणि विषबाधा हाही. दोन दिवसांत तोच निरोप सूर्यभानकाकांना वैजापूरच्या एका नातेवाइकाकडून परत आला, काळजी घ्या म्हणून. काकांनी तो आम्हाला मोठ्या आवाजात ऐकवला.

थांब्यावर

निघायच्या दिवशी गयाबाई थांब्यापर्यंत आल्या. आम्ही बाकावर बसलो. बसला वेळ होता. त्या म्हणाल्या, तू सगळ्यांच्या शेजारी बसून बघतेस, तुझ्या शेजारी कोण बसतं? मी म्हटलं, कुणी नाही. मग त्या जरा सरकून बसल्या आणि म्हणाल्या, काढ फोन, शोध तुला काय पायजे ते, मी बसते.

मी हसण्यावारी न्यायला बघितलं. त्या हसल्या नाहीत.

मी फोन काढला. एक गोष्ट होती जी मी दोन वर्षांपासून शोधत होते, म्हणजे शब्द लिहीत होते आणि पुसत होते. त्या दिवशीही लिहिले आणि अंगठा पुसायच्या बटणावर गेला.

"आता काय चाललंय मनात?" गयाबाईंनी विचारलं.

मी सांगितलं. मी चाळिशीची आहे, लग्न केलेलं नाही, आता करेन असं वाटत नाही. एकट्या बाईला मूल दत्तक मिळतं का, हे मला बघायचं आहे. आईला सांगितलेलं नाही, मैत्रिणींना नाही. मिळत नाही असं लिहिलेलं असेल तर ते वाचायचं नाही म्हणून मी पुढं जात नाही, आणि मिळतं असं लिहिलेलं असेल तर मग मला काहीतरी करावं लागेल, म्हणूनही जात नाही.

हे मी पहिल्यांदाच मोठ्यानं बोलत होते. समोर रसवंतीवाल्याचं बंद दुकान होतं, एक म्हातारा तिकडच्या कट्ट्यावर तंबाखू मळत होता. जग काही थांबलं नाही.

गयाबाईंनी सल्ला दिला नाही. एकच विचारलं.

"लेक का ल्योक?"

"लेक," मी म्हणाले. विचार न करता. मला ते इतकं स्पष्ट माहीत आहे, हे मलाच माहीत नव्हतं.

मी शोधाचं बटण दाबलं. पान उघडलं. एकट्या बाईला मिळतं, असं तिथं वरच लिहिलं होतं. मी ते गयाबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी पुढचं विचारलं, मग त्याच्या पुढचं. वयाचं काय, कागदं कुठली, किती थांबावं लागतं. घरी येऊन चौकशी करतात असं मी वाचलं, तेव्हा त्या म्हणाल्या, त्यायला माझा नंबर दे, मी सांगते ही कशी हाय ते. काय सांगाल, असं मी विचारलं.

"वाचाया वेळ लावती," त्या म्हणाल्या, "पर वाचती."

तेवढ्यात बस आली. धूळ उडवत थांबली, दोघंतिघं उतरले, वाहकानं आमच्याकडे बघून हात केला. मी उठले नाही. गयाबाईंनी त्याला हातानंच जा म्हणून सांगितलं. पुढची बस तासाभरानं होती, आणि आमची अजून दोन पानं वाचायची राहिली होती.